भूल देणाऱ्या सरांची पेण–रोहा गाडी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. धरमतरच्या खाडीकडेला आमचं गाव. वडील मिठागरावर, आई मिठागरावर; पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे चूलही अर्धी बंद. थोडी भातशेती होती, तीही गेली. एका उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडी शेतात येऊन बसली. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत पुढं कित्येक पावसाळे भात होत नाही. आई डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. तिच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं. संध्याकाळी ती पाय गोड्या पाण्यात बुडवून बसायची, आणि ते गोडं पाणीसुद्धा टँकर आला तर.

दोघी मुलींना शिकवणं जमणार नव्हतं. तसं कुणी तोंडानं बोललं नाही. माझी धाकटी बहीण रूपा दहावी झाली आणि पेणला पापड लाटायला जायला लागली. मी नर्सिंगच्या डिग्रीला गेले. बी.एस्सी. नर्सिंग. हे मी जिथं तिथं सांगते, आणि सांगणार. ज्यांच्या घरात पदव्यांच्या फोटोंनी भिंत भरलीय त्यांना ते मोठेपण सांगितल्यासारखं वाटत असेल. आमच्या भिंतीवर माझा एकच फोटो आहे.

रूपाचं लग्न रोह्याकडच्या एका गावात झालं. भात आणि वाल पिकवणारी माणसं, नवरा कंपनीत शिफ्टला. तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, जाता आलं नाही. जिथं नेलं तिथल्या बाईनं तिच्या मांडीवर चापट्या मारल्या. "आता बोंबलतेस? तवा कळलं नाय का?" असं म्हणाली. टेबलावर चढताना रूपाचा पाय घसरला तर सगळ्या हसल्या. मुलगा झाला, गोरागोमटा, सगळे खूश. मी भेटायला गेले तेव्हा रूपानं मला जवळ ओढलं.

"ताई, मला दुसरं नको. आणि झालंच तर पोट फाडून काढा. मी त्या टेबलावर परत चढायची नाय."

ते बोलणं माझ्या डोक्यात तसंच राहिलं. पुढं मी पेणच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला लागले. ते चालवणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमचं दुसरं, छोटं रुग्णालय रोह्याला होतं. आणि या दोन्हींच्या मध्ये एका जुनाट पांढऱ्या गाडीतून जा-ये करणारा एक माणूस होता. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

ते भूलतज्ज्ञ होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. वय साठीच्या पुढं, अंगानं सडसडीत, आणि प्रसूतिकक्षात चालायचे ते लोकरी मोजे घालून, त्यावर चप्पल नाही. बुटांचा आवाज नको म्हणून. खिशात खोबरेल तेलाची बारकी बाटली. जाता-येता दारांच्या बिजागऱ्यांत थेंब थेंब सोडायचे. स्टीलचा ट्रे आपटला की मागं न वळता विचारायचे, "कोणाचं लग्न आहे?" आमच्या जुन्या आयामावशींच्या हातून दिवसातून एकदा तरी काही पडायचंच. त्या म्हणायच्या, "लग्न तुमचंच लावते सर, मोजे घालून बोहल्यावर उभे ऱ्हा." सर मनापासून हसायचे, पण आवाज न करता. नुसते खांदे हलायचे.

एक प्रश्न त्यांच्यासमोर विचारायची बंदी होती. 'दुखतंय का?' असं बाईला विचारलं की संपलं.

"तिला आठवण करून देताय," ते म्हणायचे. "पाहुणा दारात उभा आहे, त्याला तुम्ही हात धरून आत आणताय."

"मग विचारायचं काय?"

"कळ आली का, विचारा. कळ येते आणि जाते. दुखणं आलं की पथारी पसरतं."

मला ते सुरुवातीला थोतांड वाटायचं. मी शिकलेली बाई, पुस्तकात जे आहे ते मला पाठ होतं. पण सर तेच वेगळ्या बाजूनं करायचे. हात मोडलेलं एखादं पोर किंचाळत यायचं, तर सर त्याला विचारायचे, "तुझ्या घरच्या कोंबडीचं नाव काय?" कोंबडीला कुणी नाव ठेवतं का! पोर विचारात पडायचं, तेवढ्यात सुई टोचून झालेली असायची. संमोहन ते तरुणपणी कुठंतरी शिकून आले होते. "भूल देणं ही माझी शेवटची विद्या," म्हणायचे, "बोलणं ही पहिली. पहिली संपली की मी दुसरीला हात घालतो."

पेणसारख्या गावात अशी गोष्ट लपत नाही. डॉक्टर माणसाला नुसतं बोलून झोपवतो, हे फिरत फिरत जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यांपर्यंत गेलं. तिथला एक कारखानदार दवाखान्यात आला आणि सरांसमोर हात जोडून उभा राहिला. त्याचा आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारा कारागीर, दारू सोडत नव्हता.

"साहेब, त्याला तेवढं संमोहन करा. सीझन तोंडावर आलाय."

"मी माणूस झोपवत नाही हो," सर म्हणाले, "मी फक्त त्याची भीती झोपवतो. त्याला कसली भीती आहे?"

"त्याला? कसलीच नाय! तोच तर त्रास हाय."

पण त्या निमित्तानं सर जोह्याला जायला लागले. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात एका पाटावर बसून डोळ्यांची आखणी बघत राहायचे. तो आखणीवाला डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरायचा आणि रेघ पुरी झाली की सोडायचा. सर त्याच्याबरोबर श्वास धरायचे, सोडायचे. कारखानदाराला वाटायचं, उपचार चाललाय. दारू काही सुटली नाही. सर मात्र परत आले की आम्हाला शिकवायचे, "कळ आली की रेघ ओढायला घ्या. श्वास तिच्याबरोबर चालवा. ब्रश मध्येच उचलायचा नाही."

आणि मग ते यंत्र आलं.

सरांनी स्वतःच मागवलं. डोळ्यांवर बांधायचा काळा डबा, कानांवर आवाज. आत चित्र दिसतं, आणि मान वळवली की चित्रही वळतं. जणू आपण तिथंच उभे. परदेशात बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळांना बायकांना असं बसवतात, एक संथ आवाज त्यांना श्वास सांगतो, आणि त्यांना कळा सोप्या जातात, असं सर म्हणाले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"सर, माझ्या वॉर्डात नाटकं नकोत."

"नाटक नाही. भूल आहे. सुईशिवायची."

मॅडमनी अटी घातल्या. फक्त सुरुवातीच्या कळांना. जिला हवंय तिलाच. बाळाचे ठोके आणि तपासण्या नेहमीसारख्या. चक्कर, मळमळ वाटली की डबा काढायचा. सरांनी सगळं मान्य केलं आणि त्या दिवसापासून दिसेल त्याच्या डोक्यावर डबा बांधायला लागले. वॉचमनला बांधला, तर तो खुर्चीत झोपला. त्यात डब्याचं कौतुक नाही, तो तसाही झोपायचा. मावशींना बांधला. मावशी म्हणाल्या, "ही टांग्याच्या घोड्याला लावतात ती झापडं," आणि तेच नाव पडलं.

डब्यातलं चित्र होतं एका परदेशी समुद्रकिनाऱ्याचं. माडासारखी झाडं, निळं पाणी, इंग्रजीत बोलणारी एक मऊ आवाजाची बाई. लाटा हळूहळू जवळ येतात, तुमच्या पायांना लागतात, गुडघ्यांपर्यंत चढतात आणि परत जातात. कळ म्हणजे लाट, असा त्याचा बेत. सरांना तो फार आवडला. मला आत कुठंतरी खटकलं होतं, पण काय ते उमगलं नव्हतं.

ते उमगलं आमच्याच खाडीकडच्या एका बाईच्या वेळी. कळा नुकत्याच सुरू झालेल्या, बाई हसतमुख. डबा बांधला. थोडा वेळ बघत राहिली. मग पाय वर घ्यायला लागली. मग खाटेवर उभी राहायला निघाली.

"पानी चढतंय! आवो पानी चढतंय! खांड गेली, खांड! पोरांना उठवा!"

मी आणि मावशींनी तिला धरलं. डबा काढला तेव्हा ती घामानं भिजली होती आणि तिची सासू दारात उभी राहून आम्हाला शिव्या घालत होती. सर तिच्या खाटेशी उकिडवे बसले, त्या लोकरी मोज्यांवर, आणि हात जोडून म्हणाले, "चूक झाली माय." मग त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, "खांड म्हणजे काय?"

मी सांगितलं. आमचं शेत कसं गेलं तेही सांगितलं. "तुमच्याकडे पाणी चढणं म्हणजे आराम नाही," सर म्हणाले.

"आमच्याकडे पाणी चढलं की पळायचं असतं सर."

मग सरांनी स्वतः चित्रं घ्यायचं ठरवलं. चारी बाजूंनी एकदम चित्र घेणारा कॅमेरा आणला आणि कोलाडला नदीवर गेले. खळखळ वाहतं पाणी, दोन्ही तीरांवर झाडी. चित्र फार सुरेख आलं. पण ते लावलं की बाई पहिल्या कळेला म्हणायची, "सिस्टर, बाथरूमला जायचंय." दुसरीही तेच. तिसरीही तेच. मावशी वैतागल्या: "सर, तुमची नदी बंद करा, माझे गुडघे गेले न्हेऊन न्हेऊन."

मग सरांनी रोह्याजवळचं एक भातशेत चित्रित केलं. हिरवंगार, वारा सुटलेला. रोह्याच्या एका शेतकरी बाईला ते लावलं. ती मान वळवून वळवून सगळं बघत राहिली. सर खूश. तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाले, "काय वाटतंय ताई?"

"वाटायचं काय? तन काडलं नाय यांनी अजून. अख्ख्या वावरात गवत घुसलंय. कोणाचं शेत हाय हे?"

दिवसभर ती त्या न दिसणाऱ्या मालकाला नावं ठेवत होती. कळांकडे तिचं लक्ष नव्हतं हे खरं, पण त्याला आराम कसं म्हणायचं?

तेव्हा सरांना वेड लागलं ते एकाच प्रश्नाचं. तपासणीला आलेल्या बायकांच्या बाकावर जाऊन बसायचे आणि एकेकीला विचारायचे, "तू निवांत कधी असतेस?" बायका आधी लाजायच्या, मग गोंधळायच्या. एक म्हणाली, "आजारी पडल्यावर." एक म्हणाली, "निवांत म्हंजे? काम झाल्यावर का? काम कुठं होतं?" एकीनं उलट विचारलं, "तुम्ही कधी असता?" सरांनी तिच्याकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "कधीच नाही." बाकावरच्या सगळ्या हसल्या.

याच दिवसांत रूपाला दुसऱ्यांदा दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती आमच्याकडे तपासणीला आली. आल्या आल्या तिनं मॅडमना सांगितलं, "मॅडम, तारीख द्या. मला सिझरच करायचं." मॅडमनी समजावलं, सगळं नीट आहे, पहिलं नॉर्मल झालंय, गरज नाही. रूपाचं एकच: "मी त्या टेबलावर चढायची नाय." मी तिची बहीण, वर नर्स. पोटावर वण घेऊन ती खाली वाकून लावणी कशी करणार, पाण्याच्या कळशा कशा उचलणार, ते मला दिसत होतं. आणि मनात भीती ठेवून ती टेबलावर चढली तर काय होईल, तेही दिसत होतं.

बाहेर बाकावर सर बसले होते. त्यांनी तिला आपला प्रश्न विचारला. मला वाटलं, हीसुद्धा 'कधीच नाय' म्हणेल. रूपानं जरा विचार केला.

"एसटीत."

"काय?"

"एसटीत हो. माहेरी येताना. खिडकी मिळाली ना, की बसायचं. पेणला उतरेपर्यंत कोणी काय सांगत नाय. पाणी आण नाय, चहा टाक नाय. पोरगा मांडीवर झोपतो. हात मोकळे. मला तर वाटतं भिसे खिंड संपूच नये."

बाकावरच्या चौघीपाचजणी एकदम बोलायला लागल्या. "व्हय गो बाय, खरंय!" "मी तर एसटीतच झोपते, घरी कुठं!" "माझी सासू बी एसटीत गप असते, तिला गाडी लागते." आखणी पुरी झाली की मूर्तीचे डोळे उघडतात, तसे सरांचे डोळे झाले. ते तसेच मोज्यांवर पार्किंगपर्यंत चालत गेले.

ज्या माणसानं बिजागऱ्यांना तेल घालून घालून आमचं प्रसूतिगृह देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत केलं होतं, तो माणूस आता महाराष्ट्रातला सगळ्यात खडखडाट करणारा आवाज गोळा करायला निघाला. पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. आणि उलट. काठीवर कॅमेरा लावून खिडकीशी बसायचे. पहिल्या दिवशीच कंडक्टरशी जुंपली.

"साहेब, ही सीट पॅसेंजरची हाय. यंत्राला उभं करा."

"यंत्राचं तिकीट काढतो."

"फुल का हाफ?"

"ते बाळंतीण बाईसाठी आहे."

कंडक्टरनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, सरांच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मग राखीव सीटवर बसवा."

अडचण रस्त्याची होती. खड्डे इतके की चित्र बघताना निरोगी माणसाला मळमळायचं. मावशी म्हणाल्या, "हे दाखवलंत तर बाई वडखळलाच मोकळी होईल." सर परत परत गेले. शेवटी एक म्हातारा ड्रायव्हर सापडला, जो खड्ड्याला नमस्कार करून बाजूनं जायचा. त्याच्याच गाडीचं चित्र ठेवलं. खिंडीचा चढ लागला की गाडी गिअर बदलते, घरघर वाढत जाते, माथ्यावर पोचते, आणि मग उतार लागून सगळं सैल होतं. कळ तशीच. सर म्हणायचे, "मी लाटा शोधत बसलो. यांच्याकडे घाट होता."

आता आवाज हवा होता. सरांनी आधी स्वतःच बोलून बघितलं. "आता आपण एका शांत प्रवासाला निघालो आहोत. आपलं शरीर शिथिल होत आहे." ते ऐकून पहिलीच बाई म्हणाली, "कीर्तन लावलंय काय?" सर माझ्याकडे आले.

"तू बोल. पण तू इथं बोलतेस तसं नको. तुझी आई बोलते तसं."

मी नाही म्हणाले. साफ. कॉलेजात मी 'नाय' म्हटलं की पोरी हसायच्या. ती बोली तोंडातून काढायला मला चार वर्षं लागली होती. आता पदवी घेतल्यावर, पांढरा कोट घातल्यावर, परत 'काय गो, कुठं चालली गो' करू? सरांना मी तेच सुनावलं. म्हटलं, "तुम्हाला शुद्ध बोलायला कष्ट पडले नाहीत सर. मला पडलेत."

सर रागावले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "जबरदस्ती नाही." आणि खरंच परत विषय काढला नाही. दुसऱ्या एका सिस्टरचा आवाज घेतला. चांगला होता. बायकांना चालला.

रूपाला नाही चालला. सातव्या महिन्यात तिला डबा लावून बघितला, सरावाला. ती ऐकत राहिली, काढला, आणि म्हणाली, "गाडी बरोबर हाय. बाई परकी हाय." मग माझ्याकडे बघून, "तू पण आता तशीच बोलतेस ताई. तू बोललीस की मला कॉलेजची मॅडम आल्यासारखी वाटते. मी नीट बसते."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, लावा यंत्र. दार बंद केलं. "चल गो बाय, खिडकी धरलीय तुझ्यासाठी," इथून सुरू केलं, आणि मग थांबायलाच होईना. "बस निवांत. हात सोड. ते पोरगं दे माझ्याकडं. आता वडखळ येल. कोणी उतरायचं नाय. चढ आला का? येऊ दे. डायवरला माहीत हाय. तू नको ढकलू गाडी. तू नुसती बस." सर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. माझं झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं विचार करतायत. झोपले होते.

डबा सगळ्यांनाच लागू पडला असं मी म्हणणार नाही. एकीला उलटी झाली, लगेच काढला. एक म्हणाली, "मला झापडं नको, माझ्या आईचा हात द्या," सरांनी आईला खुर्ची आणून दिली आणि डबा पेटीत ठेवून आले, अगदी आनंदानं. एक नागोठण्याची बाई चित्रात नागोठणं आलं की पदर सावरून खाटेवरून उतरायलाच निघायची: "थांबवा, माझा स्टॉप आला!" आणि चित्र रोह्याला पोचून परत पेणकडे वळलं की काहीजणी भांडायच्या, "मागं कशाला न्हेताय, आत्ता तर तिकडनं आलो!" सर म्हणायचे, "दुखणं नाहीसं होत नाही. बाई आणि दुखणं यांच्यात एक सीट मोकळी सुटते. तेवढीच आपली कमाई."

एकदा मी त्यांना विचारलं, या वयात हा सगळा खटाटोप कशाला? ते बिजागरीत तेल सोडत होते. "आयुष्यभर मी माणसांना झोपवून सोडवलं," म्हणाले. "एकदा तरी जागेपणी कुणाला सोडवून बघावं."

रूपाचे दिवस भरले आणि एका सकाळी तिला घेऊन तिची सासू आणि आई रिक्षातून उतरल्या. कळा नुकत्याच सुरू झालेल्या. रूपाचा चेहरा पांढरा. दारातच तिनं चौकट धरली.

"मॅडम, सिझर करा. मी सही देते."

मॅडमनी तपासलं. सगळं उत्तम, वेळ आहे. "दुपारपर्यंत बघू," म्हणाल्या. "तुला तेव्हाही सिझरच हवं असेल तर मी तुझ्याशी परत बोलेन. जबरदस्ती कुणी करणार नाही." रूपानं माझ्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नव्हता.

मी डबा बांधला. पेणचा स्टँड, पापडवाल्या बाया, गाडी हलली. तिनं चादर मुठीत आवळली होती. पहिला चढ आला. दुसरा आला. आई तिच्या पायाशी बसून पुटपुटत होती. तिसऱ्या चढाला मी बघितलं, रूपाच्या मुठी सैल होत्या. तिची मान खिडकीकडे वळली होती. कळ पोटावर दिसत होती, पोट दगडासारखं व्हायचं, आणि तिच्या तोंडून हळूच यायचं, "आली खिंड." मग, "गेली."

असं बराच वेळ चाललं. मग कळा जवळ जवळ यायला लागल्या. तिनं एकदम डब्याला हात घातला.

"काढ गो हे, उकडतंय! पण तू बोलायची थांबू नको. गाडी थांबवू नको!"

डबा काढला. मी बोलत राहिले, तिच्या कानाशी वाकून, आमच्या आईच्या बोलीत, सगळ्या वॉर्डासमोर. पण गाडीचा आवाज नव्हता, आणि रूपा अस्वस्थ झाली. "चढ कुठं हाय? मला कळत नाय चढ कुठं हाय!"

तेव्हा कोपऱ्यातून घरघर ऐकू आली.

सर. ज्यांनी आम्हाला कधी ट्रे आपटू दिला नव्हता, ते सर, लोकरी मोजे घालून, गाल फुगवून, तोंडानं एसटी चालवत होते. मग खाटेशी आले; रूपाच्या पोटावर हात ठेवून कळ चढते तशी घरघर चढवायचे. गिअर बदलताना 'खर्रर्र'. माथ्यावर आले की एक लांब सुस्कारा, आणि उतार. मावशींनी स्टीलचा ट्रे घेतला आणि चमच्यानं दोनदा वाजवला: टण् टण्. "चलाऽऽ, रोहा रोहा रोहा!" सरांनी त्यांच्याकडे बघितलं, पण कोणाचं लग्न आहे ते विचारलं नाही. रूपाची सासू तोंडाला पदर लावून हसत होती. कळेच्या ऐन माथ्यावर रूपाही हसली. मी प्रसूतिकक्षात बरंच काही बघितलंय, पण कळ देणारी बाई हसताना तोवर बघितली नव्हती.

मॅडम आल्या, तपासलं, आणि म्हणाल्या, "वेळ झाली. रूपा, आता सांग. सिझरचं काय करायचं?"

रूपा खाटेच्या कडेला बसली होती, केस गळ्याला चिकटलेले. तिनं मान वळवून टेबलाकडे बघितलं. सरांची गाडी थांबली. सगळे थांबलो. ठरवणं तिचं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "पायाखाली स्टूल द्या."

मावशींनी स्टूल दिलं. मी हात पुढं केला, तो तिनं धरला, पण भार दिला नाही. ती चढली.

सर आता कामावर येत नाहीत. गुडघ्यांनी साथ सोडली, गाडी विकली, रोह्याला घरी असतात. दोन्ही दवाखान्यांत तो डबा आजही चालतो, मागेल तिला मिळतो. आवाज माझाच आहे, बोली आमची आहे. आता नव्या सिस्टर मुलींना तसं बोलायला मीच शिकवते. त्यातल्या काही घरातल्या पहिल्याच पदवीधर आहेत आणि त्यांना लाज वाटते. मी त्यांना सरांसारखंच सांगते, जबरदस्ती नाही.

रूपाला त्या दुपारी मुलगी झाली. नॉर्मल. कुणी तिच्यावर हात उगारला नाही, कुणी ओरडलं नाही, आणि तिनं परत सिझर मागितलं नाही.